समजून घ्या : कुठलीही चार अंकी संख्या घ्या, उत्तर ६१७४च! देवळालीच्या शाळामास्तरांची ही संख्या वर्गात आजही का चालते?

साकोली : राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ साकोलीतून जातो. बसस्थानकाजवळ दोन मिनिटे उभे राहिले तरी एमएच ३६ पासिंगच्या डझनभर गाड्या डोळ्यांसमोरून जातात. त्यातल्या कुठल्याही गाडीचे शेवटचे चार अंक घ्या. ते उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा आणि चढत्या क्रमाने लावून लहानात लहान. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्या अंकांना पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत उत्तर ६१७४ येते आणि तिथेच अडकते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च उरतात.

अट एकच. चारही अंक सारखे नकोत. म्हणजे चॉईस नंबर म्हणून जास्तीचे पैसे मोजून घेतलेल्या ७७७७ किंवा ९९९९ क्रमांकाच्या गाड्या यातून बाद. त्यांचे पहिल्याच वजाबाकीत शून्य होते.

ही गंमत शोधणारा माणूस विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना गणित शिकवणारा शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. दरवर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन साजरा होतो. त्या दिवशी रामानुजन यांची आठवण निघते आणि ती निघायलाच हवी. पण मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर, अंककार्डे आणि काड्यांचे गठ्ठे देऊन गणित करून घ्यायचे असेल, तर कापरेकरांइतके कामाचे नाव महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच. मुलाला आकड्यांची ओढ लागली ती या घरगुती आकडेमोडीतून. ज्योतिष मागे पडले, आकडे राहिले.

शालेय शिक्षण ठाण्यात झाले. शाळेत असतानाच कोडी सोडवणे आणि लांबलचक हिशेबांच्या आडवाटा शोधणे यात ते तासन् तास घालवत. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र लेखनासाठी दिले जाणारे पारितोषिक १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९२९ ते १९६२ अशी तेहेतीस वर्षे एकाच गावात शिकवले आणि तिथूनच निवृत्त झाले.

देवळालीत बसून संशोधन कसे झाले?

देवळाली हे तेव्हा लष्करी छावणीचे गाव. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या तळावर कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे इंग्रजीत वेडसर या अर्थाचा डूलॅली हा शब्द रूढ झाला, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या गावात मोठे ग्रंथालय नव्हते, चर्चेला गणितज्ञ नव्हते, संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. कापरेकरांकडे होते ते कागद, पेन्सिल आणि एक ते नऊ अधिक शून्य.

म्हणून त्यांनी विषयही तसाच निवडला. संख्येचे अंक उलटे केले, त्यांची बेरीज केली, वर्ग करून त्याचे दोन तुकडे केले, तर काय होते? हे प्रश्न पाचवीच्या मुलालाही कळतात. त्यांची उत्तरे मात्र कित्येकदा शेकडो उदाहरणे हाताने करून पाहिल्याखेरीज दिसत नाहीत. ती उदाहरणे कापरेकर वर्षानुवर्षे करत राहिले. हाती लागलेले निष्कर्ष छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने छापले आणि गणिताच्या परिषदांना जाऊन मांडले. शाळा-महाविद्यालयांनी बोलावले की तिथेही जाऊन सांगितले.

त्यांच्या आवडत्या संख्यांपैकी एका गटाचे नाव आहे डेम्लो. जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली त्याचे नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. या संख्यांमधला सर्वांत देखणा गट असा मिळतो : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. चढायचे आणि उतरायचे.

कॅल्क्युलेटर घेऊन हा उपक्रम वर्गात केला तर एक मजेदार गोष्ट घडते. आठ अंकी पडद्याच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ११११ चा वर्ग मिळतो. पाच एकांचा वर्ग टाकला की यंत्र हात टेकते, कारण उत्तर नऊ अंकी आहे, १२३४५४३२१. दुकानात असतो तो बारा अंकी कॅल्क्युलेटर सहा एकांपर्यंत जातो. सातव्याला तोही थांबतो. आता पुढचे उत्तर मुलांनी सांगायचे असते. नऊ एकांपर्यंत मुले बरोबर सांगतात : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांना काय? बहुतेक जण मधोमध दहा घुसवायला जातात. इथे पाटीवर उभा गुणाकार मांडावाच लागतो. मधल्या उभ्या रांगेत दहा एक येतात, तिथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो, शेजारी नऊ आहेत म्हणून तिथेही दहा होतात, पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मध्ये दोन शून्ये. दहाचा गठ्ठा बांधला की तो डावीकडच्या घरात जातो, हे पहिली-दुसरीत काड्यांनी शिकवलेले सूत्र इथे एकोणीस अंकी संख्येत दिसते. कॅल्क्युलेटरमुळे मूल आळशी होते ही तक्रार नेहमीची आहे. इथे यंत्र थांबल्यावरच खरा विचार सुरू होतो.

आवर्ती दशांशांवरही कापरेकरांनी बरेच काम केले. १ भागिले १७ कॅल्क्युलेटरवर करा. पडद्यावर मावतात तेवढे अंक दिसतात आणि काही नियम आहे असे वाटतही नाही. भागाकार हाताने पुढे नेला तर ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक येतात आणि मग तेच पुन्हा सुरू होतात. सोळाव्या अंकानंतर बाकी पुन्हा १ उरते, म्हणून. कॅल्क्युलेटर ही बाकी दाखवत नाही.

६१७४ कधी सापडले आणि ते का येते?

वर्ष १९४६. तीन वर्षांनी, १९४९ मध्ये, मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी ते जाहीर केले. पुढे अमेरिकेतून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ते छापून आले. आज जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांच्या जन्मवर्षावरच प्रयोग करून पाहू. १९०५ चे अंक लावले की ९५१० वजा ०१५९, बरोबर ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या वजाबाकीत ६१७४. पूर्ण सात पायऱ्या लागल्या. ०००० ते ९९९९ या दहा हजार संख्या संगणकावर तपासल्या तर २१८४ संख्यांना अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. सर्वाधिक, म्हणजे २४०० संख्या तिसऱ्याच पायरीला पोहोचतात. आठवी पायरी कुणालाच लागत नाही.

यामागे जादू नाही. चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक घ्या. मधल्या दोन अंकांतला फरक घ्या. पहिल्याला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर तयार. १९०५ साठी पहिला फरक ९, दुसरा ४. ९९९ गुणिले ९ म्हणजे ८९९१, त्यात ३६० मिळवा, ९३५१. बाहेरचा फरक १ ते ९ मधलाच असणार आणि आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांच्या चाळणीतून जातात. उरलेल्या ५४ जणांचा प्रवास एका फळ्यावर बाण काढून दाखवता येतो. इंजिनीअरिंगला आम्ही ज्याला फ्लोचार्ट म्हणायचो, तो आठवीचा वर्ग दोन तासांत काढू शकतो. चोपन्न मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला एक.

लहान वर्गांसाठी यातला गाभा काड्यांनी दिसतो. खराट्याच्या किंवा बांबूच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधा. ५२ मांडा : पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता याचे २५ करायचे. पाचातले तीन गठ्ठे काढायचे आणि त्या प्रत्येकाच्या जागी एकच सुटी काडी ठेवायची. प्रत्येक गठ्ठ्यामागे नऊ काड्या हातात उरल्या. तीन गठ्ठे, सत्तावीस काड्या. ५२ वजा २५ देखील २७. अंकांची अदलाबदल करून केलेली वजाबाकी नेहमी नऊच्या पाढ्यात का येते, हे तोंडी नियम म्हणून सांगायची गरजच पडत नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गणित पेटीतले गठ्ठे आणि मणी कपाटात असतात. ते बाहेर काढायला यापेक्षा चांगले निमित्त नाही.

वर्गात हा खेळ फसतो तो शून्यापाशी. गाडीचा क्रमांक १००० असेल तर १००० वजा ०००१, उत्तर ९९९. कॅल्क्युलेटर तीनच अंक दाखवतो. मुले तीनच अंक घेऊन पुढे जातात, ९९९ वजा ९९९ शून्य होते आणि कापरेकर चुकले असा निकाल वर्ग देऊन टाकतो. उपाय सोपा आहे. छातीवर अंककार्ड लावून चार मुले समोर उभी करायची. प्रत्येक वजाबाकीनंतर कार्डे बदलतील, मुलांची संख्या नाही. मग चौथ्या मुलाला शून्याचे कार्ड घ्यावेच लागते : ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. शून्यालाही जागा लागते, हे यंत्राच्या पडद्यावर कळत नाही. रांगेत उभ्या मुलाला लगेच कळते.

अंक कमी-जास्त केले तर? तीन अंकांना ४९५ वर मुक्काम मिळतो. ३५२ पासून निघा : २९७, ६९३, ५९४, ४९५. दोन अंकांना मुक्कामच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशी ती गाडी गोल फिरत राहते. पाच अंकांचेही असेच, फेरे आहेत, थांबा नाही. चार अंकांचे हे वेगळेपण कापरेकरांनी यंत्राविना हेरले.

गणितज्ञांनी त्यांना गांभीर्याने का घेतले नाही?

या भागावर मराठीत फारसे बोलले जात नाही. कापरेकरांचे काम देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना फुटकळ वाटत होते. परिषदांत त्यांच्याकडे हौशी माणूस म्हणून पाहिले जाई. नामांकित नियतकालिकांनी जागा दिली नाही म्हणून पदरमोड करून पुस्तिका छापायच्या, हा शिक्षकाच्या पगारावर मोठाच भार होता.

आक्षेप पूर्णपणे निराधार होता असेही नाही. ६१७४ चा गुणधर्म संख्येचा कमी आणि आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून तो दिसतो. आठच्या पटीत मोजणाऱ्यांच्या जगात त्याच चार अंकांना काही अर्थ नाही. रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात नेमके असेच उदाहरण घेतले होते. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. आपल्याच उलट्या संख्येची पट असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींच्या मते असे निष्कर्ष वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदरात शोभतात, त्यात गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही.

योगायोग असा, की हार्डींनी बाजूला सारलेली ९८०१ ही कापरेकरांच्या दप्तरात सन्मानाने बसते. ९९ चा वर्ग ९८०१. त्याचे दोन तुकडे करा, ९८ आणि ०१. बेरीज पुन्हा ९९. असा गुण असलेल्या संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, तुकडे २० आणि २५, बेरीज ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, तुकडे ४९४ आणि २०९, बेरीज ७०३. २०२५ हे वर्ष असे कापरेकरी वर्ष होते. पुढचे येईल थेट ३०२५ साली.

हार्डींची कसोटी संशोधनाची होती आणि त्या कसोटीवर ते बरोबर असतीलही. पण शाळेतला गणिताचा तास हे संशोधनपत्र नव्हे. तिथे प्रश्न असा हवा की तो मुलाला एका वाक्यात कळेल, उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेले नसेल आणि हाताने करून पाहिल्यावर काहीतरी सापडेल. या कसोटीवर कापरेकरांचे जवळपास प्रत्येक काम उतरते. त्यांच्या हयातीत ही कसोटी कुणी लावली नाही, इतकेच.

साकोलीच्या वर्गात आणखी काय करता येईल?

१९४९ मध्येच कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांचे वर्णन केले. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ अधिक २ अधिक १ म्हणजे २४. म्हणून २१ ही २४ ची जनक. पण काही संख्यांना असा जनक सापडतच नाही. २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. स्वयंभू म्हणाव्यात अशा या संख्यांना इंग्रजीत सेल्फ नंबर म्हणतात आणि त्यांना गावावरून देवळाली संख्या असेही नाव आहे.

साकोलीतून जाणाऱ्या महामार्गाचा क्रमांक ५३ अशीच देवळाली संख्या आहे. खात्री करायला कॅल्क्युलेटरही नको. दोन अंकांची बेरीज जास्तीत जास्त १८ होते, म्हणून ५३ चा जनक ३५ ते ५२ यांच्यातच असायला हवा. अठरा संख्या, अठरा मुले, प्रत्येकाने एक बेरीज करायची. ४४ वाल्याला ५२ मिळतात, ४५ वाल्याला ५४. मधले ५३ कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. नागपूर शहराचा एमएच ३१ सुद्धा याच जातीतला.

आपल्या भंडाऱ्याचा ३६ मात्र दुसऱ्या कुळातला. ३ आणि ६ मिळून ९ आणि ९ ने ३६ ला पूर्ण भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद असे संस्कृत नाव दिले, आनंद देणारी. शेजारच्या गोंदियाचा ३५ हर्षद नाही, कारण ८ ने भाग जात नाही. यावरून दोन्हीकडच्या मुलांत जुंपली तर हरकत नाही. आणि ६१७४? अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. ती सुद्धा हर्षद.

इथे व्यवहारातली एक विसंगती नोंदवायला हवी. धान विकताना क्विंटल, भाव आणि कपातीचा हिशेब कॅल्क्युलेटरवर होतो, किराणा दुकानात तो गल्ल्याशेजारी असतो, घराघरांतल्या मोबाइलमध्ये तो आहेच. दहावीच्या गणिताच्या पेपरला मात्र तो नेता येत नाही, त्यामुळे वर्गातही तो चोरटा ठरतो. पाढे पाठ होण्याआधी यंत्र हाती पडू नये हे शिक्षकांचे म्हणणे रास्त आहे. ७ गुणिले ८ साठी बटण दाबणाऱ्या मुलाचे नुकसानच होते. पण जिथे वजाबाकी शिकायची नसून वजाबाक्यांच्या रांगेतला नियम शोधायचा आहे, तिथे सात पायऱ्यांत एक हातचा चुकला म्हणून मुलाच्या हातून ६१७४ निसटावे, हेही नुकसानच. कागदावर अंदाज आधी, कॅल्क्युलेटरवर पडताळा नंतर, एवढा क्रम पाळला तरी पुरे.

जगाला कापरेकर कधी कळले?

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शनमध्ये भागेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. साठी ओलांडलेला, परदेशी नियतकालिकांत नाव छापून आलेला माणूस शिकवण्यांवर घर चालवत होता.

मग मार्च १९७५ उजाडला. सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती खेळांचे सदर जगभर वाचले जाई. त्या महिन्याच्या सदरात त्यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. वेळही अचूक साधली गेली. खिशात मावणारे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत घरोघरी पोहोचत होते आणि त्यावर करण्यासारखे काहीतरी लोकांना हवेच होते. देवळालीत एकोणतीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने केलेली वजाबाकी आता कुठल्याही देशातला शाळकरी मुलगा बटणे दाबून पडताळू शकत होता. सत्तरीतल्या कापरेकरांना जगभरात नाव मिळाले.

नावांच्या बाबतीत मात्र हिशेब अर्धवटच राहिला. देवळाली संख्यांचा प्रश्न १९७४ मध्ये कोलंबियातील बर्नार्डो रेकामान यांनी एका अमेरिकी नियतकालिकात स्वतंत्रपणे मांडला, तेव्हापासून त्यांना कोलंबियन संख्या असेही म्हणतात. १९७७ मध्ये आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत हर्षद संख्यांवर व्याख्यान दिले, त्यामुळे त्या अनेक पुस्तकांत निव्हन संख्या म्हणून येतात. यात कुणी काही चोरले असे नाही. पदरच्या पैशाने छापलेल्या पुस्तिका देवळालीहून फार लांब पोहोचत नव्हत्या. तरी शाळेच्या फळ्यावर निव्हनऐवजी हर्षद लिहायला काहीच अडचण नसावी.

१९८६ मध्ये कापरेकरांचे देवळालीतच निधन झाले. त्यांच्या मृत्यूवर्षावर हाच प्रयोग केला तर ९८६१ वजा १६८९, उत्तर ८१७२. ही संख्या त्यांच्या जन्मवर्षाच्या वाटेवरही दुसऱ्या पायरीला भेटली होती. तिथून पुढचा रस्ता दोघांचा एकच आहे : ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.